नवीन व्हायल उघडली आणि बँड गेला: ईजीएफआरच्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीचा ब्लॉट बिघडतो तेव्हा

"दादा, अँटिबॉडी मेली." वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी हे वाक्य घेऊन माझ्या टेबलापाशी येतं. हातात ब्लॉटचा फोटो असतो, चेहरा उतरलेला असतो आणि तोच ब्लॉट तीनदा चालवून झालेला असतो. बारा वर्षं मी वेस्टर्न ब्लॉट करतोय, त्यातले बरेचसे ईजीएफआर या एकाच रिसेप्टरचे, सशात तयार केलेल्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीने. (ईजीएफआर म्हणजे ईजीएफ हा वाढीचा संदेश पकडणारं, पेशीच्या आवरणातलं प्रथिन. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे फोडलेल्या पेशींचा रस, म्हणजे लायसेट, जेलमध्ये वजनानुसार वेगळा करायचा, त्यातली प्रथिनं मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची, म्हणजे ट्रान्सफर, आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने शोधायचं. ते पट्टीच्या, म्हणजे बँडच्या रूपात दिसतं.) एवढ्या वर्षांत अँटिबॉडी खरोखर मेलेली मला फार कमी वेळा सापडली. दोष बहुतेकदा ट्रान्सफरमध्ये, बफरमध्ये किंवा लायसेटमध्ये निघतो. पण जेव्हा तो अँटिबॉडीतच असतो, तेव्हा कितीही खटपट केली तरी ब्लॉट सुधारत नाही. यातलं आपल्याकडे नेमकं काय घडलंय, हे कमीत कमी पैशात आणि वेळात कसं ओळखायचं, ते इथे लिहितोय.

आधी काय दिसायला हवं ते. ईजीएफआरची साखळी १२१० अमिनो आम्लांची तयार होते. पहिली २४ कापली जातात आणि उरलेल्या साखळीचं वजन गणिताने सुमारे १३० किलोडाल्टन भरतं. पेशी तिच्यावर साखरेच्या साखळ्या चढवते, त्यामुळे जेलवर बँड १७० च्या आसपास दिसतो, तोही थोडा फुगीर. कुणी "१३४ ला यायला हवा होता, वर का आला?" असं विचारलं, तर त्याने डेटाबेसमधलं, न कापलेल्या साखळीचं वजन वाचलंय, पेशीतला रिसेप्टर पाहिलेला नाही.

लक्षणं

आपला ब्लॉट यातल्या कशात बसतो ते आधी ठरवा.

- मेंब्रेन पूर्ण कोरं. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे रिसेप्टर नक्की असलेला नमुना, तोसुद्धा नाही.
- अॅक्टिन किंवा जीएपीडीएच (पडताळणीसाठी पाहतात ती, जवळजवळ सगळ्या पेशींत असणारी प्रथिनं) व्यवस्थित, पण १७० ला काहीच नाही.
- १७० आहे, पण सोबत १५०, ११०, ५५ वगैरे ठिकाणीही बँड.
- सगळं मेंब्रेन काळं किंवा काळ्या ठिपक्यांनी भरलेलं.
- बँडच्या जागी पांढरी पोकळ पट्टी आणि भोवती काळं.
- जुन्या व्हायलला एक चित्र, नव्याला वेगळं.
- रिसेप्टर नसलेल्या पेशीतही बँड.

शेवटचं लक्षण घेऊन माझ्याकडे क्वचितच कुणी येतं, कारण ब्लॉट सुंदर दिसत असतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

लेबल वाचा. खर्च शून्य

व्हायल हातात घ्या आणि लॉटचा, म्हणजे खेपेचा, नंबर वहीतल्या जुन्या नंबरशी ताडून पाहा. कॅटलॉग नंबर तोच असला तरी लॉट बदलला की ती वेगळी अँटिबॉडी समजायची. पॉलिक्लोनल म्हणजे एका सशाच्या शरीरात, एका विशिष्ट दिवशी काढलेल्या रक्तात सापडलेल्या असंख्य अँटिबॉडींचं मिश्रण. पुढच्या वेळी तोच ससा असला तरी मिश्रणाचं प्रमाण बदलतं आणि ससा बदलला तर सगळंच बदलतं. पहिल्या लॉटला १:१००० चालत होतं, म्हणून दुसऱ्यालाही चालेल असं धरून चालू नका.

मग डेटाशीट उघडा आणि चार गोष्टी शोधा. अँटिबॉडी कोणत्या प्राण्यात बनवली? रिसेप्टरच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध बनवली? कोणत्या प्रजातीवर तपासली? ती शुद्ध केलेली आहे की नुसतं सीरम? दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो. एका विद्यार्थिनीने तीन आठवडे जिवंत पेशींवर फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवर चिकटलेली अँटिबॉडी मोजणारी चाचणी) केली आणि रोज शून्य सिग्नल आला. अँटिबॉडी रिसेप्टरच्या सी-टोकाविरुद्ध, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाविरुद्ध होती आणि ते टोक पेशीच्या आत असतं. पेशीच्या आवरणाला भोकं पाडल्याशिवाय अँटिबॉडी तिथे पोचणारच नव्हती. डेटाशीटमधली एक ओळ वाचली असती, तर ते तीन आठवडे वाचले असते.

सेकंडरीही बघून घ्या. रिसेप्टरला धरते ती प्रायमरी अँटिबॉडी, आणि प्रायमरीला धरून सिग्नल देते ती सेकंडरी. ससा प्रायमरी असेल तर ससाविरोधी सेकंडरी लागते. हे सांगायला नको असं वाटतं, पण एकाच रंगाच्या झाकणांच्या दोन व्हायल शेजारी ठेवलेल्या असल्या की चूक होतेच.

व्हायल कुठे ठेवली होती?

आपोआप बर्फ वितळवणारे फ्रीजर घरी सोयीचे असतात, पण अँटिबॉडीसाठी वाईट. ते ठरावीक वेळाने आतून तापतात, त्यामुळे तुम्ही हात न लावताही व्हायल गोठते-वितळते. व्हायलमध्ये ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० अंशांवर ती गोठत नाही, तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर आल्या दिवशीच १० मायक्रोलिटर किंवा त्याहून मोठे अॅलिकोट, म्हणजे छोटे वाटे, करा. त्याहून लहान केले तर बाष्पीभवन आणि नळीच्या भिंतीला चिकटणं यातच बरीचशी अँटिबॉडी जाते. मे महिन्यात वीज गेली होती का, जनरेटर किती वेळाने सुरू झाला, हेही विचारा. आमच्याकडे फ्रीजरच्या दाराला एक वही टांगलेली आहे, वीज गेली की वेळ लिहायची. त्या वहीने दोनदा कोडं सोडवलंय.

ठिपक्यांचं लक्षण असेल तर वापरण्याआधी व्हायल थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर दहा मिनिटं फिरवा आणि वरचं पाणी घ्या. जुनी अँटिबॉडी गुठळ्या करते आणि त्या गुठळ्याच मेंब्रेनवर काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात.

प्रकाश देणारी साखळी जिवंत आहे का?

कोऱ्या मेंब्रेनसाठी ही माझी आवडती तपासणी, पाच मिनिटांची. सेकंडरी १:१००० पातळ करा, त्यातला एक मायक्रोलिटर अंधाऱ्या खोलीत १०० मायक्रोलिटर ईसीएलमध्ये (उजेड देणाऱ्या सब्स्ट्रेटच्या द्रवात) टाका. निळसर उजेड दिसला तर एचआरपी (सेकंडरीला जोडलेलं एन्झाइम) आणि सब्स्ट्रेट दोन्ही ठीक. उजेड नाही दिसला तर ईजीएफआरचा विषय बाजूला ठेवा, गडबड इथेच आहे.

सोडियम अझाइड हे जंतू वाढू न देणारं रसायन नेहमीचा गुन्हेगार. प्रायमरी पुन्हा वापरता यावी म्हणून तिच्या बफरमध्ये अझाइड घालतात, ते योग्य आहे. पण तोच बफर कुणी सेकंडरीसाठी उचलला तर अझाइड एचआरपीला मारून टाकतो. आमच्या लॅबमध्ये अझाइड घातलेल्या बाटलीवर लाल पट्टी असते. एक सूचना मात्र कायम पाळा: अझाइड विषारी आहे आणि तांब्या-शिशाच्या नळांत साचून स्फोटक क्षार बनवू शकतो. सिंकमध्ये ओतू नका.

पांढऱ्या पोकळ पट्टीचा अर्थ नेमका उलटा असतो. तिथे सिग्नल कमी नाही, फार जास्त आहे. एचआरपी इतकं साचलंय की फोटो काढायच्या आधीच त्या जागेवरचं सब्स्ट्रेट संपून गेलं. ए-४३१ या मानवी कर्करोगाच्या पेशींत हे हमखास होतं. त्यांच्यात ईजीएफआर जनुकाच्या जादा प्रती असतात आणि एकेका पेशीवर दहा-वीस लाख रिसेप्टर सहज असतात. इतर पेशींसाठी ३० मायक्रोग्रॅम प्रथिन लोड करता, तेवढंच ए-४३१ चं केलं तर पट्टी पांढरी होणारच. पाच मायक्रोग्रॅम पुरतं. नवखी मुलं पांढरी पट्टी बघून अँटिबॉडी वाढवतात आणि ब्लॉट आणखी बिघडतो.

पॉन्सो टाकल्याशिवाय ब्लॉकिंग करू नका

ट्रान्सफर झाल्यावर, ब्लॉकिंगच्या (मेंब्रेनच्या रिकाम्या जागा दुधासारख्या प्रथिनाने झाकण्याच्या) आधी, मेंब्रेनवर पॉन्सो एस हा प्रथिनं लाल करणारा रंग ओता, पाच मिनिटं थांबा, पाण्याने धुवा, फोटो काढा. खर्च नगण्य. तरीही बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग दोन दिवस अँटिबॉडीला दोष देतात.

पॉन्सोचं चित्र बघताना लक्ष वर ठेवा. अॅक्टिन ४२ चं आहे, जीएपीडीएच ३७ चं. ती पोचली म्हणून १७० चा रिसेप्टर पोचला असं होत नाही. मोठं प्रथिन जेलमधून सावकाश निघतं. रंगीत लॅडरमधला १८० चा पट्टा मेंब्रेनवर आलाय का, की जेलमध्येच राहिलाय? उरलेलं जेल कूमासी या प्रथिनं निळी करणाऱ्या रंगात टाका. वरचा भाग निळा राहिला तर उत्तर मिळालं.

अशा वेळी जेल ८ टक्क्यांचं घ्या. ट्रान्सफर बफरमधला मिथेनॉल २० वरून १० टक्क्यांवर आणा. मिथेनॉल जेल आकसवतो आणि प्रथिनावरचं एसडीएस (त्याला जेलमधून पळवणारा साबण) काढून टाकतो. लहान प्रथिनं मेंब्रेनला चिकटायला ते बरं, मोठ्यांना मात्र वाटेतच अडकवतं. थंड खोलीत ३० व्होल्टवर रात्रभर ओली ट्रान्सफर ठेवा. अर्ध्या तासाच्या सेमी-ड्रायने १७० ला न्याय मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. मेंब्रेन पीव्हीडीएफचं असेल तर ते आधी मिथेनॉलमध्ये भिजवलं होतं ना? नाहीतर ते पाणी धरत नाही.

पॉवर पॅकमधून जळका वास आला, टँकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा करंट स्वतःहून वरखाली होऊ लागला, तर तिथेच थांबा. प्लग काढा आणि उपकरणांच्या इंजिनिअरला बोलवा. वायर स्वतः जोडू नका.

पट्ट्या कापून ब्लॉकिंग आणि प्रमाण तपासा

एकच लायसेट सगळ्या रांगांत भरून ब्लॉट करा आणि मेंब्रेनच्या उभ्या पट्ट्या कापा. एका पट्टीला प्रायमरी द्यायचीच नाही, फक्त सेकंडरी. तिथे जे बँड येतील त्यांचा ईजीएफआरशी काही संबंध नाही. उरलेल्या पट्ट्यांना १:५००, १:१०००, १:२००० आणि १:५००० अशी प्रायमरी द्या. पॉलिक्लोनलच्या मिश्रणात रिसेप्टर घट्ट धरणाऱ्या अँटिबॉडी असतात, तशा इतर प्रथिनांना सैल धरणाऱ्याही असतात. पातळ केलं की सैल पकडवाल्यांचा आवाज आधी मंदावतो. पार्श्वभूमी काळी येते तेव्हा खरा उपाय बहुतेकदा हाच असतो.

ब्लॉकिंगला दूध की बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) हा वाद एका पट्टीत मिटतो. एकूण ईजीएफआरसाठी माझ्याकडे ५ टक्के दूध स्वच्छ येतं. फॉस्फो-ईजीएफआरच्या (फॉस्फेट चढलेल्या रिसेप्टरच्या) अँटिबॉडीसाठी मी बीएसएच घेतो, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे.

इम्युनोप्रेसिपिटेशन करून (लायसेटमधून अँटिबॉडीने रिसेप्टर ओढून काढून) ब्लॉट केला असेल आणि दोन्हीकडे ससाच असेल, तर ५५ आणि २५ च्या ठळक पट्ट्या म्हणजे अँटिबॉडीच्या स्वतःच्या जड आणि हलक्या साखळ्या. त्यात रिसेप्टर शोधत बसू नका.

लायसेट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इथपर्यंत सगळं ठीक निघालं असेल, तर मी पेशीच्या नळीकडे वळतो. १७० च्या खाली १५० ला दुसरा बँड दिसला की पहिली शंका कॅल्पेनची. पेशी फुटताच कॅल्शियमवर चालणारं हे एन्झाइम रिसेप्टरचं आतलं शेपूट छाटतं. म्हणून लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रवात) कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए किंवा ईजीटीए हवं. अँटिबॉडी नेमकी त्या सी-टोकाविरुद्ध असेल तर १५० चा तुकडा दिसणारच नाही, फक्त १७० फिका पडलेला दिसेल आणि तुम्ही म्हणाल, नवीन लॉट कमजोर आहे. आमच्या सगळ्यात नीटनेटक्या पीएचडी विद्यार्थ्याला आठवडाभर हाच प्रश्न पडला होता. त्याने नवीन लॉटबरोबर नवीन लायसिस बफरही सुरू केला होता, ईडीटीएशिवायचा. एकावेळी दोन गोष्टी बदलल्या की दोष कुणाचा ते कळत नाही.

प्रथिनं कापणारी एन्झाइमं रोखणारं पीएमएसएफ बफरमध्ये घालून ठेवू नका. पाण्यात ते टिकत नाही. पीएच ८ आणि २५ अंशांना निम्मं पीएमएसएफ साधारण ३५ मिनिटांत संपतं. सकाळी बनवलेल्या बफरवर दुपारी भरवसा ठेवून चालत नाही, पेशी फोडण्याआधी लगेच घाला.

पेशी डिशपासून ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवल्या होत्या का? ट्रिप्सिन बाहेर डोकावणारे रिसेप्टर कुरतडू शकतं. डिश बर्फावर ठेवा, थंड पीबीएसने धुवा, बफर थेट डिशमध्ये ओता आणि स्क्रेपरने खरवडून काढा. पेशींना ईजीएफ दिलं होतं का, किती वेळ? लिगंड (इथे ईजीएफ) बसला की रिसेप्टर आत ओढला जातो आणि काही तासांत त्यातला बराचसा नष्ट होतो. तेव्हा बँड फिका पडणं हा बिघाड नसतो, ते जीवशास्त्र असतं.

ए-४३१ मध्ये ११० च्या आसपासचा बँड दिसला तर घाबरू नका. त्या पेशी रिसेप्टरचा फक्त बाहेरचा भाग असलेलं आखूड रूपही बनवतात. बाह्य भागाविरुद्धची अँटिबॉडी ते पकडेल, सी-टोकाची पकडणार नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या नमुन्यांत १४० ते १५५ च्या दरम्यान दिसलं तर ईजीएफआर-व्ही-३ या रूपाचा विचार करा. त्यात २ ते ७ हे एक्सॉन (जनुकाचे तुकडे) गळालेले असतात.

१७० चा बँड खरंच साखर चढलेला रिसेप्टर आहे का, हे पाहायचं तर लायसेटला पीएनगेज एफ हे साखरेच्या साखळ्या काढणारं एन्झाइम द्या. बँड १३० कडे घसरायला हवा. जागचा हलला नाही तर काहीतरी चुकतंय.

इथे एक इशारा. पडद्यातून सात वेळा आरपार जाणाऱ्या रिसेप्टरवर काम करणाऱ्यांनी नमुना ९५ अंशांवर उकळू नये. तशी प्रथिनं उकळल्यावर एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशीच बसतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून बघा. ईजीएफआर पडद्यातून एकदाच जातो, त्याला उकळलेलं चालतं.

रिसेप्टर नसलेली पेशी

चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या सीएचओ पेशींत स्वतःचा ईजीएफआर जवळजवळ नसतोच. मानवी पेशी हवी तर के-५६२ घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशी मागवता येतात. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क उसना आणण्यापेक्षा ते बरं, कारण हातोहाती फिरलेल्या फ्लास्कवर लिहिलेलं नाव आणि आतली पेशी एकच असते याची खात्री नसते. एका रांगेत ए-४३१, शेजारी सीएचओ, त्याशेजारी तुमचा नमुना. सीएचओच्या रांगेत १७० ला बँड आला तर बाकीचा ब्लॉट कितीही देखणा असो, त्याचा उपयोग नाही.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्यामागे दुसऱ्या एका रिसेप्टरची गोष्ट आहे. एरिथ्रोपोएटिन या तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर कर्करोगाच्या पेशींत आहे, असं अनेक शोधनिबंधांत एका लोकप्रिय पॉलिक्लोनलच्या जोरावर लिहिलं गेलं. २००६ मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात आलेल्या कामाने दाखवलं की ती अँटिबॉडी ६६ किलोडाल्टनला जो बँड देत होती तो एचएसपी-७० या भलत्याच प्रथिनाचा होता. खरा रिसेप्टर ५९ ला असतो. सात किलोडाल्टनचा फरक, आणि त्यावर उभी राहिलेली वर्षांची मेहनत. कर्करोगाच्या रुग्णांना एरिथ्रोपोएटिन द्यावं की नाही, या प्रश्नाशी ते जोडलेलं होतं.

बरेच जण इथे ब्लॉकिंग पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) पुढे करतात. ज्या पेप्टाइडने ससा टोचला तेच आधी अँटिबॉडीत मिसळायचं आणि बँड गेला की म्हणायचं, अँटिबॉडी खरी. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. अँटिबॉडी चुकीच्या प्रथिनाला त्याच पकडीने धरत असेल, तर पेप्टाइडने तोही बँड जातो.

खरा पुरावा रिसेप्टर काढून टाकण्यात आहे. एसआयआरएनए (नवीन रिसेप्टर बनणं थांबवणारे आरएनएचे तुकडे) देऊन ४८ ते ७२ तास थांबा. त्याआधी पाहिलं तर आधीच बनलेला रिसेप्टर अजून शिल्लक असतो आणि एसआयआरएनए चाललं नाही असा गैरसमज होतो. त्याहून पक्कं म्हणजे क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने जनुक बाद केलेली पेशी. महाग आहे, महिने लागतात. पण एकदा तयार झाली की तिचं लायसेट पुढच्या प्रत्येक लॉटला कामी येतं.

जुना लॉट आणि नवा लॉट

ही सवय लावून घ्या. जुन्या व्हायलमध्ये शेवटचे १० मायक्रोलिटर उरले की ते वापरायचे नाहीत. ए-४३१ आणि सीएचओचं लायसेट एकदाच भरपूर बनवून उणे ८० अंशांवर छोट्या नळ्यांत ठेवायचं. नवीन लॉट आला की त्याच लायसेटवर, त्याच दिवशी, एकाच मेंब्रेनच्या दोन तुकड्यांवर दोन्ही लॉट लावायचे. चित्र जुळलं तर प्रमाण नव्याने ठरवून पुढे जा. नाही जुळलं तर तो लॉट प्रयोगात शिरता कामा नये. अर्धा प्रबंध एका लॉटवर आणि अर्धा दुसऱ्यावर, अशी वेळ मी एका मुलीवर आलेली पाहिली आहे. तिने सहा महिन्यांचे ब्लॉट पुन्हा केले.

कुठे थांबायचं

ईसीएल चमकतंय, पॉन्सोवर १८० चा पट्टा आहे, ताजं ए-४३१ लायसेट आहे, तीन प्रमाणं तपासली, तरी दोन ब्लॉट कोरे आले, तर तिसरा करू नका. पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला लिहा. लॉट नंबर, व्हायल आली ती तारीख, कशात ठेवली, पॉन्सोचा फोटो, लॅडरसकट पूर्ण न कापलेला ब्लॉट, आणि जुन्या लॉटचा ब्लॉट असेल तर तोही पाठवा. एवढं पाठवलं की बदली व्हायल मिळण्याची शक्यता बरीच वाढते. नुसतं "चालत नाही" लिहिलं तर प्रश्नावलीच परत येते.

सीएचओ किंवा जनुक बाद केलेल्या पेशीत बँड येत असेल तर प्रमाण, दूध, ट्वीन (धुण्याच्या बफरमधला साबण) यांच्याशी खेळणं थांबवा. तो बँड कुणाचा हे जाणून घ्यायचंच असेल तर इम्युनोप्रेसिपिटेशन करून जेलमधला तो तुकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (प्रथिन ओळखून देणाऱ्या यंत्राच्या) केंद्रात द्या. ते काम सवयीच्या माणसाचं आहे, हातमोज्यावरच्या केराटिननेही नमुना वाया जातो. आणि दुसरी अँटिबॉडी शोधा, शक्यतो रिकॉम्बिनंट, म्हणजे ठरलेल्या जनुकावरून पेशींत बनवलेली. तिचा क्रम ठाऊक असतो, त्यामुळे ती कोणत्याही सशावर अवलंबून नसते. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये शंभराहून अधिक संशोधकांच्या सह्यांनिशी हीच मागणी झाली होती.

रुग्णाचा नमुना असेल तर एक सीमा कधीच ओलांडू नका. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या व्हायलने काढलेल्या बँडवरून कुणाच्या उपचाराबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात औषध ठरवायला ईजीएफआर जनुकातला बदल तपासतात, रिसेप्टर किती आहे ते नाही. ती चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते आणि अहवालावर पॅथॉलॉजिस्टची सही असते. नातेवाईक, मित्र, कुणीही ब्लॉटचा फोटो दाखवून विचारलं तर त्यांना थेट तिकडे पाठवा.